कॅनिझारोने वर्गात काय शिकवले

मॅझिनी आणि गॅरिबाल्डी ही नावे रत्नागिरीकरांना नवी नाहीत. सावरकरांनी मॅझिनीचे आत्मचरित्र १९०७ साली मराठीत आणले, पुढे १९२४ ते १९३७ या काळात ते इथेच स्थानबद्ध होते, आणि त्यामुळे इटलीच्या एकीकरणाची कथा आमच्याकडच्या जुन्या वाचकांनी कधी ना कधी वाचलेली असते. दुसऱ्या बाजूला, बारावीला विज्ञान शाखा घेतलेला प्रत्येक मुलगा आणि प्रत्येक मुलगी ‘कॅनिझारो अभिक्रिया’ पाठ करून परीक्षेला बसते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, पुस्तकातला हा कॅनिझारो गॅरिबाल्डीच्या पिढीतला बंडखोर होता, तोफखान्याचा अधिकारी होता, सिसिलीच्या बंडखोर संसदेचा सभासद होता आणि शेवटी इटलीच्या सिनेटचा उपाध्यक्ष झाला, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. मी रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो आणि कॅनिझारोबद्दल माझे एक ठाम मत झालेले आहे: ज्या अभिक्रियेला त्याचे नाव मिळाले ते त्याचे दुय्यम काम होय. त्याचे थोर काम म्हणजे त्याने आपल्या विद्यार्थ्यांसाठी केलेली पाठांची आखणी.

स्तानिस्लाओ कॅनिझारोचा जन्म १३ जुलै १८२६ रोजी सिसिली बेटावरील पालेर्मो येथे झाला. दहा भावंडांत तो धाकटा. वडील न्यायखात्यातले आणि पुढे पोलीस खात्यातले बडे अधिकारी होते, म्हणजे नेपल्समधून सिसिलीवर राज्य करणाऱ्या बूर्बोन घराण्याच्या कारभाराचा एक खांब त्याच्या घरातच होता. १८४१ साली तो वैद्यकाचे शिक्षण घेण्यासाठी पालेर्मो विद्यापीठात दाखल झाला, पण शरीरक्रियाशास्त्राचे प्रयोग करता करता आपल्याला रसायनशास्त्र येत नाही ही अडचण त्याला सारखी जाणवू लागली. १८४५ साली नेपल्समध्ये इटालियन शास्त्रज्ञांची परिषद भरली, तिथे भौतिकशास्त्रज्ञ मेलोनी याच्या नजरेत हा एकोणीस वर्षांचा मुलगा भरला आणि मेलोनीने त्याला पिसा येथील प्राध्यापक राफाएले पिरिया याच्याकडे धाडले. विलोच्या सालीतल्या सॅलिसिनवर काम करून सॅलिसिलिक आम्लापर्यंत पोहोचलेला तोच हा पिरिया. त्याच्या प्रयोगशाळेत कॅनिझारो मदतनीस म्हणून दोन वर्षे राहिला, आणि त्याचे रसायनशास्त्राचे खरे शिक्षण तिथेच झाले.

१८४७ च्या उन्हाळ्यात तो सुट्टीसाठी सिसिलीला गेला तो परतलाच नाही. १२ जानेवारी १८४८ रोजी पालेर्मोत उठाव झाला. त्या वर्षी युरोपभर जी बंडे झाली त्यांतले हे अगदी आरंभीचे. पोलीस अधिकाऱ्याचा मुलगा बंडखोरांच्या तोफखान्यात अधिकारी झाला, मेसिना येथे त्याची नेमणूक झाली आणि फ्रांकाविल्लाच्या मतदारांनी त्याला सिसिलीच्या नव्या संसदेत निवडून पाठवले. त्या वेळी त्याचे वय होते अवघे एकवीस. घरात काय बोलणी झाली असतील याची कल्पना आपण करावी. सप्टेंबर १८४८ मध्ये राजा दुसरा फर्डिनांड याने मेसिनावर तोफांचा असा भडिमार केला की लोक त्याला ‘बाँबराजा’ म्हणू लागले. मेसिना पडले, मग उरलेल्या फौजा गोळा करण्याच्या कामगिरीवर कॅनिझारोला ताओर्मिनाला पाठवण्यात आले, आणि एप्रिल १८४९ मध्ये सगळेच हातचे गेल्यावर तो जहाजाने फ्रान्सच्या मार्से बंदराला निघून गेला. त्यानंतर सुमारे अकरा वर्षे तो स्वतःच्या बेटाला मुकला.

परागंदा माणसाला काही काळ सावरायला लागतो, तसा तो याला फारसा लागलेला दिसत नाही. १८४९ संपण्यापूर्वीच तो पॅरिसमध्ये शेव्हरलच्या प्रयोगशाळेत कामाला लागला होता. तिथे क्लोएझ नावाच्या सहकाऱ्याबरोबर त्याने सायनोजेन क्लोराइड आणि अमोनिया यांच्यापासून १८५१ साली सायनामाइड तयार केले. त्याच सायनामाइडचा कॅल्शियम क्षार विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खत म्हणून कारखान्यांतून निघू लागला, पण तो पुढचा आणि इतरांचा इतिहास आहे.

१८५१ च्या अखेरीस पिडमाँटच्या राज्यात, आलेस्सांद्रिया या गावच्या राष्ट्रीय महाविद्यालयात त्याला शिक्षकाची नोकरी मिळाली. सिसिलीतून पळालेल्या माणसाला उत्तर इटलीत पिडमाँटने थारा दिला यात त्या काळचे सगळे राजकारण येते. एकीकरणाची आशा तेव्हा त्याच राज्याकडे लागलेली होती. त्या आडगावच्या महाविद्यालयात १८५३ साली त्याने बेंझाल्डिहाइडवर पोटॅशची क्रिया करून पाहिली आणि एकाच पदार्थातून दोन विरुद्ध स्वभावाचे पदार्थ निघाले. बेंझाल्डिहाइडच्या दोन रेणूंपैकी एकाचे ऑक्सिडीकरण होऊन बेंझॉइक आम्लाचा क्षार बनतो, तर दुसऱ्याचे क्षपण होऊन बेंझिल अल्कोहोल बनते. बेंझिल अल्कोहोल तोवर कोणी पाहिलेले नव्हते. सुगंधी अल्कोहोलांच्या सगळ्या घराण्याचा अभ्यास इथून पुढे सुरू झाला.

ही अभिक्रिया आमच्या प्रयोगशाळेतही होते, पण कोकणातल्या हवेत ती करायला थोडा संयम लागतो. बेंझाल्डिहाइडची बाटली उघडली की कडू बदामाचा वास खोलीभर पसरतो, आणि बाटली जुनी असेल तर बुचाभोवती पांढरे स्फटिक जमलेले दिसतात. ते बेंझॉइक आम्लच असते, कारण हवेतला ऑक्सिजन अर्धे काम परस्पर उरकून घेतो. अशा बाटलीतला द्रव आधी सोडियम कार्बोनेटच्या द्रावणाने धुवून ऊर्ध्वपातित करून घ्यावा लागतो, एरवी आम्लाचे उत्पन्न फसवे निघते. कॉस्टिक पोटॅशचे तर विचारूच नये. जुलै महिन्यात त्याच्या पांढऱ्या गोळ्या बाटलीतून काढून तराजूवर ठेवेपर्यंत पाणी धरू लागतात, काटा मिनिटागणिक पुढे सरकत राहतो, आणि काचेचे बूच जर नुसतेच घट्ट लावून ठेवले असेल तर पुढच्या आठवड्यात ते हलतसुद्धा नाही. गोळ्यांचे तीव्र द्रावण थंड करून त्यात बेंझाल्डिहाइड घालायचे, दुधाळ होईपर्यंत हलवायचे आणि रात्रभर झाकून ठेवायचे. दुसऱ्या दिवशी बाटलीत पांढरा लगदा घट्ट बसलेला असतो. पाणी घालून तो विरघळवला, ईथरने अल्कोहोल बाजूला काढले आणि उरलेल्या पाण्यात हायड्रोक्लोरिक आम्ल ओतले की पांढऱ्या आम्लाचा साका असा भरभरून खाली येतो की मागच्या बाकावरची मुलेही पुढे येऊन वाकून बघतात. एवढ्या वर्षांत त्या क्षणाचा मला कंटाळा आलेला नाही. आमची बरीच मुले पदवीनंतर लोटे-परशुरामच्या रासायनिक कारखान्यांत गुणवत्ता तपासणीच्या कामाला जातात, आणि ‘आम्लाचे उत्पन्न बेंझाल्डिहाइडच्या जुन्या बाटलीतून आले की अभिक्रियेतून’ हा प्रश्न तिथे त्यांच्या उपयोगी पडतो.

इथवर सगळे ठीक, पण जगात अशा सुंदर अभिक्रिया शेकड्यांनी आहेत. कॅनिझारो वेगळा ठरतो तो जेनोव्हामध्ये. १८५५ साली त्याला तिथल्या विद्यापीठात प्राध्यापकाची जागा मिळाली. जागा मिळाली, प्रयोगशाळा मात्र नव्हतीच. प्रयोगशाळा म्हणून त्याला एक अंधारी, ओल धरलेली खोली दाखवण्यात आली. सोय होईपर्यंत प्रयोगांचे हात बांधलेले राहिले, तेव्हा त्याने शिकवण्याकडे लक्ष वळवले, आणि मुलांना रसायनशास्त्राचा पाया नीट समजावून द्यायचा तर तो पायाच डळमळीत आहे ही गोष्ट त्याला स्वस्थ बसू देत नव्हती.

त्या काळच्या गोंधळाची कल्पना आज येणे अवघड आहे. कोकणात पूर्वी भात पायलीने मोजत आणि पायली गावागणिक लहानमोठी असे, तशी अणुभारांची, म्हणजे अणूंच्या तुलनात्मक वजनांची, स्थिती होती. कार्बन कोणी ६ धरी, कोणी १२, ऑक्सिजन कोणी ८ धरी, कोणी १६, आणि त्यामुळे पाण्याचे सूत्र कोणाकडे एचओ तर कोणाकडे एचटूओ असे. केकुलेने १८६१ साली आपल्या ग्रंथात एकट्या अॅसिटिक आम्लाची तेव्हा वापरात असलेली एकोणीस सूत्रे ओळीने मांडून दाखवली. आम्ही घरी जे व्हिनेगर वापरतो त्याच्यातल्या आम्लाची ही कथा.

गंमत अशी की उत्तर १८११ पासून छापील स्वरूपात उपलब्ध होते. तुरीनच्या आमेदेओ आव्होगाद्रोने तेव्हाच म्हटले होते की समान तापमानाला आणि समान दाबाला सर्व वायूंच्या समान आकारमानांत रेणूंची संख्या समान असते, आणि हायड्रोजन, ऑक्सिजन यांच्यासारख्या मूलद्रव्यांचे रेणू दोन दोन अणूंचे असू शकतात. पण बर्झेलियससारख्या अधिकारी पुरुषाचा सिद्धांत असा होता की संयोग विरुद्ध विद्युत्भारांमुळे होतो, मग एकाच जातीचे दोन अणू एकमेकांना धरून राहतीलच कसे? पुढे द्यूमाने पारा, गंधक, फॉस्फरस यांच्या बाष्पांची घनता मोजली तर तिचा मेळ बसेना. आव्होगाद्रोचे म्हणणे बाजूला पडले ते पडलेच. तो ९ जुलै १८५६ रोजी वारला, तेव्हाही त्याच्या गृहीतकाला रसायनशास्त्रात मानाचे स्थान नव्हते. (त्यानंतर दोन आठवड्यांनी, २३ जुलैला, रत्नागिरीत टिळकांचा जन्म झाला. तारखा जवळजवळ आल्या म्हणून त्यांचा काही अर्थ होतो असे नाही, पण इथल्या मुलांना एवढ्याने आव्होगाद्रोचा काळ पक्का लक्षात राहतो.)

कॅनिझारोने आपल्या अभ्यासक्रमाचा आराखडा मार्च १८५८ मध्ये पिसाच्या सेबास्तियानो दे लुका या मित्राला पत्रातून लिहून पाठवला आणि तो त्याच वर्षी ‘इल नुओव्हो चिमेंतो’ या नियतकालिकात छापून आला. हे लिखाण नव्या शोधाच्या थाटात लिहिलेले नाही. पहिल्या व्याख्यानात मी मुलांना अमुक सांगतो, मग अमुक तक्ता फळ्यावर लिहितो, मग त्यांना तुलना करायला लावतो, अशा चालीने ते पुढे जाते. एखाद्या शिक्षकाची टाचणवही प्रसिद्ध व्हावी आणि तिने एका शास्त्राची घडी बसवून द्यावी, याला दुसरे उदाहरण मला तरी आठवत नाही.

युक्तिवाद असा. वायूंच्या समान आकारमानांत समान रेणू असतील, तर बाष्पांच्या घनतांची तुलना म्हणजे रेणूंच्या वजनांचीच तुलना झाली. मोजमापाचे एकक म्हणून हायड्रोजनच्या रेणूचा अर्धा भाग १ धरायचा, म्हणजे हायड्रोजनचा रेणू २ होतो. मग हायड्रोजन क्लोराइडचा रेणुभार ३६.५ येतो, पाण्याच्या वाफेचा १८, ऑक्सिजनचा ३२. आता एक मूलद्रव्य घ्यायचे आणि ते ज्या ज्या संयुगात आहे त्यांच्या एकेका रेणूत त्याचे वजन किती भरते ते विश्लेषणावरून काढायचे. कार्बन मोनॉक्साइडचा रेणू २८, त्यात कार्बन १२. कार्बन डायॉक्साइडचा ४४, त्यात कार्बन पुन्हा १२. अल्कोहोलचा ४६, त्यात कार्बन २४. अॅसिटिक आम्लाचा ६०, त्यात २४. ईथरचा ७४, त्यात ४८. कुठेही ६ नाही, कुठेही १८ नाही. जे येते ते १२ च्या पूर्ण पटीत येते. अणू म्हणजे ज्याचा तुकडा अभिक्रियेत होत नाही तो, अशी आपली व्याख्या असेल, तर कार्बनच्या बाबतीत ते मान १२ लाच द्यावे लागते. याच रीतीने ऑक्सिजन १६ ठरतो, क्लोरीन ३५.५ ठरतो आणि पाण्याचे सूत्र वादातीत एचटूओ होते.

धातूंचे काय, हा प्रश्न उरतो, कारण बहुतेक धातूंची वाफ करून तिची घनता मोजणे त्या काळी शक्य नव्हते. इथे त्याने द्यूलाँ आणि पेती यांच्या नियमाचा आधार घेतला. घन मूलद्रव्याची विशिष्ट उष्मा (एक ग्रॅम पदार्थ एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता) आणि त्याचा अणुभार यांचा गुणाकार साधारण सहाच्या थोडा पुढे येतो, तेव्हा विशिष्ट उष्मा मोजली की अणुभाराचा अंदाज मिळतो. पाऱ्याच्या बाबतीत दोन्ही वाटा मोकळ्या होत्या. पाऱ्याच्या क्लोराइडांवरून आणि विशिष्ट उष्मेवरून त्याचा अणुभार २०० येतो, आणि पाऱ्याच्या बाष्पावरून त्याचा रेणुभारही २०० च येतो. म्हणजे पाऱ्याचा रेणू एकाच अणूचा असतो. हायड्रोजनचा दोन अणूंचा, फॉस्फरसचा चार अणूंचा. द्यूमाला जो विसंवाद वाटला होता तो रेणूंतल्या अणूंची संख्या सगळीकडे सारखीच असली पाहिजे या समजुतीतून आलेला होता. समजूत सोडली आणि आकडे आपापल्या जागी बसले. मला या सबंध प्रकरणातला हा भाग सर्वांत देखणा वाटतो, कारण इथे नवा आकडा जवळपास एकही लागलेला नाही. बहुतेक सगळी मोजमापे इतरांची, अनेक वर्षांची, धूळ खात पडलेली होती.

१८६० हे वर्ष त्याच्या आयुष्यात दोन्ही बाजूंनी भरून आलेले आहे. मे महिन्यात गॅरिबाल्डी आपल्या हजार स्वयंसेवकांनिशी सिसिलीत मार्सालाला उतरला आणि महिनाअखेर पालेर्मोत शिरला. बेट मोकळे झाल्यावर कॅनिझारोही तिकडे परतला आणि सिसिलीच्या असाधारण राज्य परिषदेवर त्याची नेमणूक झाली. त्याच वर्षी ३ सप्टेंबरपासून जर्मनीतल्या कार्ल्सरूह येथे युरोपातल्या रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली. अणू, रेणू आणि सूत्रे यांच्याबाबत एकवाक्यता व्हावी म्हणून केकुले, व्यूर्त्स आणि व्हेल्टसीन यांनी ती बोलावली होती आणि सव्वाशेहून अधिक मंडळी जमली होती. कॅनिझारो तिथे आवेशाने बोलला, तरी परिषद कोणताही ठराव न करता उठली. वैज्ञानिक प्रश्नावर मतदान घ्यायचे नाही हे धोरण मला योग्यच वाटते. परिषद संपता संपता पाव्हियाचा प्राध्यापक आंजेलो पाव्हेसी याने कॅनिझारोच्या त्या लेखाच्या पुस्तिका उपस्थितांना वाटल्या. लोथार मायरने आपली प्रत खिशात टाकली, वाटेत वाचली, घरी जाऊन पुन्हा वाचली, आणि डोळ्यांवरची झापडे गळून पडावीत तसे झाले, असे त्याने पुढे लिहून ठेवले आहे. तरुण मेंडेलीव्हही त्या परिषदेत होता. नऊ वर्षांनी, १८६९ साली, त्याने मूलद्रव्ये अणुभारांच्या क्रमाने मांडली. मुळात अणुभारांविषयी एकमत नसते तर त्या मांडणीला क्रम कुठून आला असता?

एकदा वर्गात एका मुलाने विचारले होते, “सर, हा जर राजकारणात होता तर याला प्रयोगशाळेला वेळ कधी मिळाला?” प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की राजकारणाने त्याला जिथे जिथे नेऊन टाकले तिथे तिथे त्याने समोर असेल त्या साहित्यावर काम केले, आणि सत्ता आपल्या बाजूची आल्यावर मात्र त्याने ज्या गोष्टी नव्हत्या त्या उभ्या करण्यात आयुष्य घालवले. १८६१ साली त्याने प्राध्यापकपदासाठी पालेर्मो निवडले. ज्या शहरातून तो परागंदा झाला होता तिथे कॉर्नर आणि लीबेन यांच्यासारखे परदेशी रसायनशास्त्रज्ञ त्याच्याकडे येऊन काम करू लागले, आणि पुढे पालेर्मोचा महापौर झालेला एमान्वेले पातेर्नो तिथेच त्याच्या हाताखाली तयार झाला. १८६७ साली शहरात पटकीची साथ आली तेव्हा सार्वजनिक आरोग्याचे काम त्याने अंगावर घेतले. १८७१ साली ‘गाझेत्ता किमिका इतालियाना’ हे रसायनशास्त्राचे नियतकालिक निघाले, त्याच्या संस्थापकांतही तो होता.

त्याच साली नव्या राजधानीत, रोममध्ये, त्याला बोलावणे आले आणि सिनेटवरही त्याची नेमणूक झाली. विद्यापीठासाठी त्याने व्हिया पानिस्पेर्ना या रस्त्यावरच्या एका जुन्या मठात रसायनशास्त्राची संस्था उभी केली. फेर्मी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९३४ साली मंद न्यूट्रॉनांचे प्रयोग केले ते याच रस्त्यावरच्या भौतिकशास्त्र संस्थेत. कृमींवरचे औषध म्हणून त्या काळी सर्रास दिल्या जाणाऱ्या सँटोनिनच्या रचनेचा अभ्यास त्याने रोममध्ये बरीच वर्षे चालवला, सिनेटचा उपाध्यक्ष म्हणून काम केले, शिक्षणखात्याच्या वरिष्ठ मंडळावर काम केले आणि जकात खात्याच्या रासायनिक प्रयोगशाळांची घडी बसवून दिली. चरित्रकारांना त्याच्या या प्रशासकीय कामाची थोडी खंत वाटते, शोधांचे दिवस समित्यांत गेले असे त्यांचे म्हणणे असते. मला तसे वाटत नाही. ज्याला ओल धरलेली खोली प्रयोगशाळा म्हणून मिळाली होती, त्याने सत्ता हाती आल्यावर आधी प्रयोगशाळा बांधाव्यात हे साहजिक आहे. १८९१ साली रॉयल सोसायटीने त्याला कोप्ली पदक दिले. १० मे १९१० रोजी रोममध्ये त्याचे निधन झाले, आणि जन्मशताब्दीच्या वर्षी, १९२६ मध्ये, त्याचे अवशेष पालेर्मोच्या सान दोमेनिको चर्चमध्ये नेण्यात आले.

मे १८७२ मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीने त्याला फॅरेडे व्याख्यान देण्यासाठी निमंत्रित केले होते. अशा व्यासपीठावर माणूस आपले ताजे संशोधन मांडतो. कॅनिझारोने विषय निवडला तो रसायनशास्त्रातले सिद्धांत विद्यार्थ्यांना कसे शिकवावेत हा. अणू आणि रेणू यांच्या कल्पना मुलांपुढे आधी मांडाव्यात की मोजमापांतून त्यांना तिथवर चालत आणावे, या प्रश्नावर मी दुसऱ्या पक्षाचा आहे. अकरावीला मी अणुभाराची व्याख्या लिहून देत नाही. कार्बनचा वरचा तक्ता फळ्यावर मांडतो, शेवटचा रकाना रिकामा ठेवतो आणि मुलांना तो भरायला लावतो. १२, १२, २४, २४, ४८ हे आकडे उभे राहिले की कोणीतरी हमखास शंका काढतेच, की उद्या एखाद्या संयुगात कार्बन ६ निघाला तर काय करायचे. तसे झाले तर कार्बनचा अणुभार ६ धरावा लागेल, कॅनिझारोच्या युक्तिवादात त्याला कुठेही अडकाठी नाही. मग मी त्यांना मिथेनचा रेणुभार १६ देतो, एथिलीनचा २८, बेंझीनचा ७८ आणि सांगतो, शोधा.